प्रकल्प नोंदी: बाणेरचं ऑफिस, चौथा मजला

१० जून २०२४, सोमवार

पहिली भेट, ऑफिसची अंतर्गत रचना नव्यानं करून द्यायची आहे. कार्पेट (आतली वापरायची जागा) ११,२०० चौरस फूट, काम यंत्रांची ड्रॉइंग्ज करून देण्याचं, पटावर २१० माणसं. टेबलं १४८, मोजून घेतली. २०२० च्या मार्चमध्ये सगळे घरी गेले, ते पूर्ण असे परत आलेच नाहीत. आता आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची आहे.

मालकांची मागणी स्पष्ट आहे: टेबलं ९६ करा आणि कुणाचंही टेबल ठरलेलं नको. सकाळी येऊन फोनवरून बुक करायचं, संध्याकाळी रिकामं करून जायचं. वाचलेल्या जागेत कॅफे, मोठं रिसेप्शन आणि एक जिवंत हिरवी भिंत. सगळं दसऱ्याला तयार हवं. काम दोन टप्प्यांत करायचं, म्हणजे पूर्वेकडची बाजू चालू असताना लोक पश्चिमेकडे बसतील.

निघताना पंट्रीत पाणी प्यायला गेले. बाजूच्या इलेक्ट्रिकल शाफ्टचं दार अर्धवट उघडं होतं. आत सफाईच्या काकू उलट्या बादलीवर बसून डबा खात होत्या. मला बघून झाकण लावून उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा हो काकू. मग लक्षात आलं की ‘बसा’ म्हणायला तिथे काही नाहीच.

२१ जून, शुक्रवार

चार दिवस साइटवर बसून माणसं मोजली, सकाळी अकराला आणि दुपारी तीनला. सकाळचे आकडे: मंगळवार १३१, बुधवार १३८, गुरुवार ११७, आज शुक्रवार ५२. सोमवारची नोंद त्यांच्या कार्ड-मशीनवरून घेतली, ६१. पाच दिवसांची सरासरी शंभराच्या आत-बाहेर पडते, म्हणजे ९६ हा आकडा कुठून आला ते कळलं. पण माणसं सरासरीनं येत नाहीत. बुधवारी १३८ जण येणार आणि ९६ टेबलं असणार, तर बेचाळीस जणांनी काय करायचं? कॅफेत मांडीवर लॅपटॉप घेऊन एक दिवस बसता येतं, रोज नाही.

त्याहून महत्त्वाचं काही या चार दिवसांत दिसलं. जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, कायम कुणीतरी फोनवर असतं. बुधवारी दुपारी तासाभरात सहा जण येऊन गेले. त्यातली एक मुलगी भिंतीकडे तोंड करून आईच्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांशी बोलत होती. वरून कुणी उतरलं की थांबायची, ते गेले की पुन्हा बोलायची. एवढ्या मोठ्या ऑफिसात दार लावून पाच मिनिटं बोलता येईल अशी एक खोली नाही. मीटिंग रूम तीन, त्या सकाळीच बुक झालेल्या.

आणि खुर्च्यांच्या पाठी बघितल्या. अकाउंट्सच्या रांगेत सातपैकी पाच खुर्च्यांवर शाल किंवा स्वेटर. एसीची हवा नेमकी त्यांच्या डोक्यावर पडते. टेबल ठरलेलं नसेल तर ही शाल ठेवायची कुठे, हा प्रश्न वहीत वेगळ्या पानावर लिहिला. कारण तो फक्त शालेचा नाही. चष्म्याची डबी, गोळ्या, स्टीलची बाटली, लेकाचा फोटो, जेवणानंतरच्या बडीशेपेची पुडी, असं सगळं माणसाबरोबर ऑफिसात येतं आणि तिथेच राहतं.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद, माल येणार नव्हता, म्हणून घरीच आराखडा काढत बसले.

या धंद्यात एक गोष्ट मला कधी सुटत नाही, ती इथेच लिहून ठेवते. अमेरिकेत हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६४ मध्ये आणि मग सुधारून १९६८ मध्ये ‘अॅक्शन ऑफिस’ नावाची रचना काढली. हेतू चांगला होता. माणसाला हालचाल करता यावी, उभं राहूनही काम करता यावं, आडोसा हवा तसा उघडता-मिटता यावा. कंपन्यांनी त्यातला आडोसा तेवढा घेतला, काटकोनात बसवला, जितका लहान होईल तितका लहान केला, आणि त्याचं क्युबिकल झालं. प्रॉप्स्ट स्वतः पुढे त्याच्यावर कडाडून टीका करत राहिले. पुढे आडोसेही गेले आणि सगळं मोकळं झालं. आता टेबलही जाणार आहे. दर वेळी बदलाचं कारण माणूस असतो आणि हिशेब चौरस फुटांचा.

याच्या उलटं उदाहरण नेदरलँड्समधल्या आपेलडोर्नचं. हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९७२ मध्ये सेंट्राल बेहीर या विमा कंपनीची इमारत बांधली. लहान लहान चौकोनी मजले, एकेकावर मोजकी माणसं, आणि भिंती मुद्दाम साध्या, विनारंगाच्या सिमेंट ब्लॉकच्या. अपेक्षा अशी की सजावट काम करणाऱ्यांनी करायची. लोकांनी घरून कुंड्या आणल्या, चित्रं आणली. मी कॉलेजात असताना त्याचे फोटो पाहिले तेव्हा मला तो पसारा वाटला होता. आता त्याच पसाऱ्यासाठी जागा काढायला बसले आहे.

९ जुलै, मंगळवार

मालक आणि एचआर मॅडम यांच्यासमोर मांडणी. तीन तास.

मोजणीचा तक्ता आधी ठेवला. ९६ वर ते अडून होते, पण बुधवारचा १३८ चा आकडा बघून शांत झाले. शेवटी ठरलं असं: टेबलं ११२, आणि विभागांचे दिवस वाटून घ्यायचे. सगळ्यांनी मंगळ-बुधच पकडायचा नाही. हे काम एचआरचं आहे, सुताराचं नाही, आणि ते झालं नाही तर माझा आराखडा फसेल हेही मी बोलून दाखवलं.

मोकळ्या हॉलबद्दल मालक म्हणाले, भिंती काढल्या की लोक एकमेकांशी बोलतात. मी त्यांना बर्नस्टीन आणि टर्बन यांचा २०१८ चा अभ्यास सांगितला. दोन कंपन्यांची मुख्यालयं मोकळी केल्यावर लोकांच्या समोरासमोरच्या बोलण्यात सुमारे ७० टक्के घट झाली आणि ईमेल-मेसेज वाढले. त्यांना पटायला वेळ लागला. मग मी जिन्यातल्या मुलीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मीसुद्धा तिथेच जाते.

हिरव्या भिंतीचे पैसे आवाजाकडे वळवले. त्यावर वाद झाला, पण हिशेब माझ्या बाजूनं होता. जिवंत भिंतीला रोज पाणी, वेगळे दिवे आणि महिन्याला माळी लागतो. तेवढ्यात चार फोन बूथ होतात आणि तिन्ही मीटिंग रूम नीट बंद होतात. झाडं कुंड्यांत ठेवू. मनीप्लँट आणि स्नेक प्लँट एवढ्या उजेडात टिकतात.

पाळणाघराचा विषय मीच काढला. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मजल्यावर ते बसत नाही, म्हणून जवळच्याशी करार करणार आहेत. पण बाळाला पाजायला, दूध काढून ठेवायला एक खोली मजल्यावर हवी, ती घेतली. आतून कडी, वॉशबेसिन, छोटा फ्रीज, आणि खुर्ची हात टेकवता येतील अशी.

एका सहकाऱ्याची व्हीलचेअर आहे. त्यांचं टेबल कायम, त्यांच्या नावानं, उंची खाली-वर होणारं. त्यांच्यासाठी ‘जे मिळेल ते’ चालणारच नाही. वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं, आणि तिथे नंतर कुणी प्रिंटर आणून ठेवणार नाही हे लेखी घेतलं.

लॉकरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी २१० मागितले, मालक ११२ म्हणाले, कारण टेबलं तेवढीच. मी म्हटलं, टेबल वाटून घेता येतं, शाल वाटून घेता येत नाही. २१० मिळाले.

सफाईच्या काकूंना बसायला खोली मागितली, तिचं मात्र राहिलं. पंट्रीशेजारी जुनी स्टेशनरीची कपाटखोली आहे, ५ फूट बाय ७. मालक म्हणाले, तेवढ्यात दोन टेबलं बसतात. पुढच्या मीटिंगला, असं ठरलं.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलंय, शाळा बंद. साइट बंद ठेवली. दोन सुतार तिकडेच राहतात. दोघंही सुखरूप आहेत, सामान भिजलं. त्यांना आठवड्याची उचल आज पाठवली. बाकी नोंद नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

पूर्वेकडची जुनी पार्टिशनं काढून झाली. आज लाइनआउट. कागदावरचा आराखडा जमिनीवर दोरीनं मारून घ्यायचा दिवस, मला सगळ्यात आवडणारा. मिस्त्री आणि मी सकाळी सातला आलो. भिंतीपासून माप, निळ्या पावडरीची दोरी ताणायची, टणकन सोडायची, रेघ उमटते. दुपारपर्यंत सगळ्या खोल्या जमिनीवर दिसायला लागल्या.

मालकांना त्या रेघांमध्ये चालवलं. बूथमध्ये उभं केलं, पाजण्याच्या खोलीत उभं केलं. मग त्या ५ बाय ७ च्या चौकोनात नेलं. तिथे मी त्यांना फक्त १० जूनची गोष्ट सांगितली, बादलीची. हेही सांगितलं की १९४८ च्या कारखाने कायद्यातसुद्धा उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी असं आहे, आणि केरळनं २०१८ मध्ये, तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या लोकांना बसायचा हक्क कायद्यानं दिला. ते काही बोलले नाहीत. रेघेच्या आत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, पंखा पण लावा.

१४ ऑगस्ट, बुधवार

आवाजाचं काम. सविस्तर लिहिते, कारण हे झाकलं गेलं की पुन्हा दिसणार नाही.

जुन्या मीटिंग रूमची पार्टिशनं फॉल्स सीलिंगपर्यंतच होती. सीलिंग जमिनीपासून २७०० मिलिमीटरवर, स्लॅब ३६०० वर. मधली ९०० मिलिमीटरची पोकळी अख्ख्या मजल्यावर एकसलग. खोलीतला आवाज सीलिंगच्या टाइलमधून वर चढतो, पोकळीतून पलीकडे जातो आणि शेजारच्या टाइलमधून खाली उतरतो. दार कितीही जाड लावा, उपयोग नाही. बहुतेक ऑफिसांत असंच असतं, कारण वरचा भाग कुणाला दिसत नाही आणि बिलात तो वाचवता येतो.

आता पार्टिशन स्लॅबपर्यंत नेलं. जीआय स्टड (जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे खांब), दोन्ही बाजूंनी साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड, मध्ये ५० मिलिमीटरचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा आवाज शोषणारा थर. रॉकवूल अंगाला खाजतं, मुलांना हातमोजे आणि मास्क दिले, तरी संध्याकाळी मनगटं लाल. केबल ट्रे आणि स्प्रिंकलरचा पाइप जिथून आरपार जातो तिथल्या फटी सगळ्यात त्रासाच्या. बोट जाईल एवढ्या फटीतून अख्खं वाक्य जातं. एकेक फट रॉकवूल ठासून, वरून सीलंट भरून बंद केली.

भिंत वरपर्यंत गेल्यावर एसीची परतीची हवा अडते. ती पोकळीतूनच जात होती. म्हणून वर झेडच्या आकाराचा छोटा डक्ट टाकला, आतून इन्सुलेशन लावलेला. हवा वळणं घेत जाते, आवाज वळणावर मरतो. एसीवाल्यानं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच माप घेऊन करून आणला, आणि छान केला.

दाराखाली १० मिलिमीटरची फट होती. ड्रॉप सील लावलं, दार मिटलं की रबर खाली उतरतं.

मग चाचणी. मिस्त्रींना आत बसवून पेपरातली बातमी नेहमीच्या आवाजात वाचायला सांगितली. अकाउंट्सचे काका बाहेर टेबलापाशी कागद घेऊन बसले, ऐकू येईल ते लिहायचं. हीच चाचणी जुन्या खोलीत जूनमध्ये घेतली होती, तेव्हा काकांनी दहापैकी नऊ वाक्यं उतरवली होती. आज कागद कोरा. काका म्हणाले, कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय ते नाही. त्यांनी तो कोरा कागद घडी करून खिशात ठेवला. बारा वर्षं त्या भिंतीपलीकडे कुणाच्या पगाराचं, कुणाला काढायचं, ते सगळं ऐकत बसलो, म्हणाले. मान खाली घालून ऐकू येत नाही असं दाखवायचं.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची सुनावणीही याच खोलीत व्हायची. ते ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. आता ती इथेच झाली तर बाहेर जाणार नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

नमुन्याची दोन टेबलं मांडली, १२०० आणि १३५० मिलिमीटर रुंद. ड्रॉइंग करणाऱ्यांना दोन स्क्रीन लागतात, तिघांना दोन-दोन तास बसवलं. तिघांनी १३५० मागितलं. सात टेबलं रांगेतून कमी करून ती जिन्यालगतच्या खिडकीपाशी वळवली, तेव्हा बसलं. १२०० फक्त एचआर आणि विक्रीकडे.

फोन बूथचं छप्पर बंद आहे, म्हणून फायर सल्लागारांनी प्रत्येकात स्प्रिंकलरचं डोकं घ्यायला लावलं. बरोबर आहे. बूथमध्ये पंखाही हवाच, काच लावलेल्या पेटीत दहा मिनिटांत माणूस घामाघूम होतो.

शनिवारी गणपती. सुतार दीड दिवसांनी येतील, रंगारी थेट अनंत चतुर्दशीनंतर.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पूर्व बाजू वापरात आली. आठ जणांच्या मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवलं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो, आणि खोलीत हजाराच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. दार लावून पन्नास मिनिटांची मीटिंग झाली आणि मीटरवर १,६४०. शेवटची दहा मिनिटं सगळे जांभया देत होते. लोकांना वाटतं विषय कंटाळवाणा आहे.

चूक माझी. आवाज अडवायला खोली इतकी घट्ट केली की ताज्या हवेचा जुना अंदाज पुरला नाही. बाहेरच्या हवेचा डक्ट या खोलीला वेगळा फाटा देऊन आणायचा. पश्चिमेकडच्या दोन खोल्यांत आधीच घेते. खर्च आमच्या फीमधून.

एसीचे झोत अकाउंट्सच्या डोक्यावरून हलवून टेबलांमधल्या येण्याजाण्याच्या पट्ट्यावर घेतले. तापमान २४. दोन शाली आज घरी गेल्या, बाकीच्या लॉकरमध्ये आहेत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा उद्या शनिवारी, म्हणून ऑफिसची पूजा आजच. पश्चिमेकडचे किरकोळ स्नॅग, म्हणजे राहिलेल्या दुरुस्त्या, सोडले तर काम पूर्ण.

दर वर्षी इथे प्रत्येक जण आपापल्या कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावून झेंडूचं फूल वाहतो. सकाळी हातात फुलं घेऊन लोक हॉलमध्ये थबकले. वाहायचं कुठे? टेबल तर कुणाचंच नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं. मग ड्रॉइंगच्या मुलीनं, तीच जिन्यातली, आपल्या लॉकरच्या दारावर, नावाच्या पट्टीखाली फूल अडकवलं. मुठीच्या खाचेत देठ बरोबर बसतो. अर्ध्या तासात २१० लॉकरांची भिंत पिवळी-केशरी झाली. जे घरून काम करत होते त्यांच्या लॉकरला शेजाऱ्यांनी फुलं लावली. नावाच्या पट्ट्या नकोत, नंबर पुरे, असं एकदा चर्चेत आलं होतं. बरं झालं ऐकलं नाही.

दुपारी पंट्रीशेजारच्या खोलीत डोकावले. ४३० मिलिमीटर उंचीचा बाक, खाली चपला ठेवायला कप्पा, दोन हुक, पंखा, दोन लॉकर. काकू आणि शिपाई दादा समोरासमोर बसून श्रीखंड-पुरी खात होते. दार आतून लागतं, पण उघडंच होतं. बाकाच्या कडेला काकूंनी दोन फुलं ठेवली होती. मला म्हणाल्या, बसा ना मॅडम. मी बसले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतरची पाहणी. गेल्या आठवड्याची मोजणी त्यांच्याकडून आली: मंगळवार १०४, बुधवार १०९, गुरुवार १०१, सोमवार आणि शुक्रवार सत्तरीच्या आसपास. वाटून घेतलेले दिवस पाळले जातायत. जागा न मिळालेलं कुणी नाही, पण बुधवार काठावर आहे. नवी भरती झाली की पुन्हा मोजावं लागेल, मॅडमना सांगितलं.

ताज्या हवेचा फाटा जोडल्यावर मीटिंग रूममध्ये तासाभरानं ८८०. जिन्यात अर्धा तास उभी राहिले, फोनवर एकच जण होता, तोही नेटवर्क नाही म्हणून आलेला.

व्हीलचेअरच्या वळणाच्या वर्तुळात पाण्याच्या बाटल्यांचे तीन खोके सापडले. मी स्वतः उचलून बाजूला ठेवले आणि जमिनीवर त्या वर्तुळाची पितळी पट्टी बसवायला सांगितली, म्हणजे पुढच्या माणसाला विचारावं लागणार नाही.

शिल्लक: बूथ ३ चा पंखा खडखडतो. मीटिंग रूम २ चं ड्रॉप सील कार्पेटला घासतंय, दोन मिलिमीटर वर घ्यायचं. काकूंच्या खोलीत चार्जिंगचा पॉइंट राहिला आहे, इलेक्ट्रिशियन गुरुवारी.